जांबुवंताचा आकडा

॥ श्रीगुरवे नमः ॥

*गुरुवारचे पान*



गेल्या गुरुवारी बडोदा केंद्रातील सत्संगात प. पू. दादांनी एका प्रश्नाच्या निमित्ताने केलेले निरूपण खाली देत आहोत. बोलणे जसे झाले तसेच ठेवले आहे. घरातील ज्या वडीलधाऱ्यांना मोबाइलवर वाचणे जड जाते, त्यांना संध्याकाळच्या आरतीनंतर मोठ्याने वाचून दाखवावे ही विनंती.

🌼

मंडळी, इंदूरहून एक चिठ्ठी आली आहे. नाव वाचत नाही, पण आपलेच जुने गुरुबंधू आहेत. वय ५३. ते लिहितात, "दादा, तरुणपणी मी तालमीत रोज दोनशे जोर आणि पाचशे बैठका मारायचो. संसारात पडलो आणि पंचेचाळिशीपर्यंत सगळं बंद झालं. मागच्या वर्षी मुलाने हट्टाने जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात जुन्या हिशोबाने वजन उचललं आणि खांदा गेला. तीन महिने सदरा घालायला बायकोची मदत लागत होती. आता मी ठरवलंय. देह नश्वर आहे, त्याचे लाड पुरे झाले. उरलेला वेळ नामस्मरणात घालवतो. माझं बरोबर आहे ना?"

चिठ्ठी वाचून मला हसू आलं. त्यांनी रागावू नये. मी त्यांना हसलो नाही, मला हसलो. कारण ही चिठ्ठी पंधरा वर्षांपूर्वी मीच लिहिली असती, अक्षर न् अक्षर.

नामस्मरण करा, त्याला कोण नको म्हणेल? पण भाऊ, एक विचारतो. खांदा धड राहिला असता, तर देह नश्वर असल्याचं त्या आठवड्यात आठवलं असतं का? नसतं आठवलं. आरशासमोर उभं राहून दंड बघितले असते. आपल्या मनाची ही फार जुनी खोड आहे. जे हातून सुटतं, त्याला मन 'मी सोडलं' म्हणतं. हरलेला माणूस वैराग्याचं उपरणं पांघरून घरी येतो आणि घरचे त्याच्या पाया पडतात! खरं वैराग्य म्हणजे काय, ते मी आज तुम्हाला एका म्हाताऱ्या अस्वलाकडून ऐकवणार आहे.

*समुद्रकाठची मोजणी*

वाल्मीकी रामायणातला प्रसंग आहे, किष्किंधाकांडाच्या शेवटचा. वानर सीतामाईला शोधत दक्षिणेच्या किनाऱ्यावर येऊन पोचले आहेत. संपातीने सांगितलं आहे की लंका समुद्रापलीकडे १०० योजनांवर आहे. समोर पाणीच पाणी. सगळ्यांचे चेहरे उतरले. तेव्हा युवराज अंगद विचारतो, बाबांनो, कोणाची उडी किती? आणि एकेक जण उठून आपला आकडा सांगतो. गज म्हणतो दहा, गवाक्ष म्हणतो वीस. असं करत करत आकडा सुषेणापाशी ऐंशीवर येतो.

मग जांबुवंत बोलतो. सगळ्यांत वयस्कर. त्याचं बोलणं नीट ऐका. तो म्हणतो, आम्हीही एके काळी मोठे पराक्रमी होतो. वामनाने त्रिविक्रमाचं रूप घेतलं, तेव्हा त्या विराट रूपाला मी प्रदक्षिणा घातली होती. ते बळ आता राहिलं नाही. आज माझी मजल नव्वद योजनांची. आणि नव्वदने हे काम होणार नाही.

बघा, समुद्र शंभराचा आणि हा नव्वदवर थांबला. फक्त दहा कमी! तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? अर्ध्यांनी म्हटलं असतं, "अरे, मी त्रिविक्रमाला फेरी मारलेला माणूस, शंभराचं काय सांगता?" आणि मारली असती उडी. दहा योजनं अलीकडे बुडाले असते. हे आपले जिममधले भाऊ. आणि उरलेल्या अर्ध्यांनी म्हटलं असतं, "मी म्हातारा झालो, मला कशाला विचारता, मी इथे रामराम म्हणत बसतो." हे चिठ्ठीतले भाऊ. गंमत अशी की दोघं एकच आहेत, मधे फक्त तीन महिने गेले!

जांबुवंताने दोन्ही केलं नाही. कालचा आकडा त्याने लपवला नाही, पण त्याच्यावर जगलाही नाही. आजचा आकडा सांगताना त्याला लाज वाटली नाही. आणि बसूनही राहिला नाही. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मारुतीरायाकडे तोच गेला. त्याला त्याच्या बळाची आठवण त्यानेच करून दिली. ज्याने स्वतःचं माप खरं सांगितलं, त्यालाच दुसऱ्याचं माप दिसलं.

मंडळी, याला मी वैराग्य म्हणतो. कालच्या आकड्याचा त्याग. शरीराचा त्याग नव्हे.

*माझी गोष्ट*

आता माझं सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की दादा आसनावर बसून गप्पा मारतात.

आपलं बडोदं म्हणजे व्यायामाचं गाव. जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० पासूनचं. प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावाची ती संस्था वाढवली. गल्लीगल्लीत त्या हवेचा परिणाम होता. मीही लहानपणापासून आमच्या गल्लीतल्या छोट्या तालमीत जायचो. मल्लखांब, जोर, बैठका, जोडी फिरवणं, सगळं केलं. नोकरी लागली, सुटलं.

४६व्या वर्षी एका हनुमान जयंतीला तिथे प्रसादाला गेलो. पोरं म्हणाली, "काका, तुम्ही जुने ना, दाखवा की चार जोर." चारच मागितले होते त्यांनी! मी पन्नास मारायला गेलो. चाळीसच्या पुढे कमरेत अशी कळ आली की तिथेच आडवा झालो. सहा आठवडे अंथरुणावर होतो. उठलो तेव्हा मीही ठरवलं की बास, देहबुद्धी फार झाली. दोन वर्षं काही केलं नाही. जप वाढवला. लोक म्हणायचे, किती शांत झालेत! शांत कसला, जिना चढताना धाप लागायची म्हणून बोलत नव्हतो.

मग ती रात्र आली. वडील तेव्हा ८० वर्षांचे. रात्री दोनच्या सुमाराला न्हाणीघरात पडले. धावत गेलो. भिंतीला टेकून बसले होते, डोळे उघडे. म्हणाले, "काही नाही रे, घसरलो. उठव मला." मी काखेत हात घालून उचलायला गेलो. उचललेच नाहीत. पुन्हा केलं. माझी कमर धरली, पाय थरथरायला लागले. ते अंगाने काही मोठे नव्हते हो. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला उठवून आणलं, त्याने धरलं.

वडिलांना पलंगावर निजवलं. पांघरूण घालताना ते मला म्हणाले, "तू तर तालमीतला ना?" टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. माळ हातात घेतली आणि लक्षात आलं की माझ्या माळेने त्यांना जमिनीवरून उचललं नाही. मी ज्याला देहाचा त्याग म्हणत होतो, तो त्यांच्या सेवेचा त्याग होता.

म्हणून सांगतो, पन्नाशीतला व्यायाम दंड दाखवायला नसतो. आई-वडिलांना उठवायला असतो. नातवंडाला कडेवर घ्यायला, गिरनारच्या किंवा वणीच्या पायऱ्या चढायला आणि पुढे आपण ऐंशीचे झालो की मुलांवर आपलं ओझं थोडं कमी पडावं म्हणून असतो.

*शरीराचा हिशोब*

दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला लागलो. आपल्या एक डॉक्टर गुरुभगिनी आहेत, त्यांच्यासमोर विद्यार्थी होऊन बसलो. त्यांनी समजावलं ते सोप्या शब्दांत सांगतो.

तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात. दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के आणि साठीनंतर अधिक वेगाने. ताकद तर त्याहूनही लवकर उतरते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायू जातो तिथे चरबी येऊन बसते. काटा तेच सांगतो आणि आपण खूश! बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर काही वर्षं हाडंही झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात.

दुसरी गोष्ट. पुन्हा व्यायाम सुरू केला की स्नायू लवकर साथ देतो, पण स्नायूला हाडाशी बांधणारे जे दोर आहेत, ते फार सावकाश तयार होतात. दोन-तीन आठवड्यांत अंगात जोर आल्यासारखं वाटतं, माणूस वजन वाढवतो आणि नेमका खांदा नाहीतर गुडघा जातो. आपल्या इंदूरच्या भावांनी तर तेवढीही वाट बघितली नाही. मनाची उडी शंभराची होती, दोर साठाचे.

तिसरी गोष्ट आनंदाची. स्नायू कोणत्याही वयात ऐकतो. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी नव्वदीतल्या अशक्त मंडळींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. जेमतेम दहा जण होते, पण त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! मग ५३ला 'आता काय राहिलं' म्हणणारे आपण कोण?

जुना वाडा असतो ना, त्याच्यावर कोणी नवे तीन मजले चढवत नाही. पण म्हणून तो पाडूनही टाकत नाही. कौलं शाकारतो, वासे बदलतो, दरवर्षी पावसाआधी डागडुजी करतो. वाडा पुढच्या पिढीला मिळतो.

*अर्धशक्ती*

मग व्यायाम किती करायचा? आपल्या आयुर्वेदाने याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघंही सांगतात की व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा. वाग्भट तर पुढे म्हणतात, थंडीत आणि वसंतात अर्धी शक्ती वापरा, बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती झाली हे ओळखायचं कसं? कपाळावर, काखेत घाम आला, श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की समजावं, आजचं झालं. आणि अति करणाऱ्याला वाग्भटांनी हत्ती ओढायला गेलेल्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह काही दुबळा नाही हो. पण ओढायला गेला आणि त्यातच संपला.

आजच्या भाषेत मी असं सांगेन. बारा वेळा जमेल असं वाटतं, तर नऊ-दहावर थांबा. दोन-तीन शिल्लक ठेवून उठा. पंगतीत पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवून उठतो तसं. तरुणपणी आपण थकेपर्यंत करायचो आणि दुसऱ्या दिवशी ताजे असायचो. आता जो भार टाकाल, त्याच्यातून सावरायला अंगाला मधे एक-दोन दिवस लागतात. खरं तर बळ वाढतं ते त्या विश्रांतीतच. झोप कमी आणि व्यायाम जास्त, हा आतबट्ट्याचा धंदा आहे.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तुम्हाला ठाऊक असतील. सूर्यनमस्कार घरोघरी पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. पण त्याआधी सुमारे दहा वर्षं ते सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होते. सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध शक्तिवान. १९०८च्या सुमारास, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. मिरजेच्या राजांनी सुचवलं आणि राजाने राजाचं ऐकलं! नेम सुटला नाही, नेमाचं रूप बदललं. १९५१ साली ते गेले तेव्हा वयाची ऐंशी उलटली होती. चाळिशीत पद्धत बदलणं म्हणजे हार नाही, एवढं यातून घ्या.

*आता घरचा नेम*

जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असं चालावं आणि आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. आपल्यापैकी बरेच जण सकाळी फिरायला जातात, चांगलं आहे. पण नुसत्या फिरण्याने वडिलांना उचलण्याचं बळ येत नाही. त्याला भारच लागतो.

म्हणून सोमवार आणि गुरुवार हे दोन वार धरा. आधी दहा मिनिटं सांधे मोकळे करा, जागच्या जागी चाला. मग या पाच गोष्टी करा.

१. *खुर्चीवरून उठबस.* हात न टेकता उठा, सावकाश बसा. धपकन बसायचं नाही. जमायला लागलं की खुर्ची थोडी ठेंगणी घ्या.

२. *भिंतीचे जोर.* भिंतीला हात लावून. सोपं झालं की स्वयंपाकघराच्या ओट्याला, मग पलंगाला आणि शेवटी जमिनीवर. खांदा दुखलेल्या भावाने वर्षभर भिंतीवरच राहिलं तरी काही बिघडत नाही.

३. *ओढणं.* एक हात पलंगावर टेकून, दुसऱ्या हाताने पाण्याच्या बाटल्यांची पिशवी कमरेपर्यंत ओढा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, मोजायला सोपं.

४. *जमिनीवरून उचलणं.* अर्धी बादली घ्या. पाठ सरळ ठेवायची, बसण्याचा भाग मागे न्यायचा, गुडघे थोडे वाकवायचे आणि बादली अंगाजवळ ठेवून उठायचं. न्हाणीघरात मला हेच येत नव्हतं.

५. *टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं.* ओट्याला हात लावून. तोलाचा हा भाग साठीपुढच्यांनी तर एक दिवसाआड करावा.

प्रत्येक गोष्ट आठ ते बारा वेळा, मधे मिनिटभर बसायचं, मग दुसरी फेरी. सगळं मिळून अर्धा तास. सलग दोन वेळा बारा अगदी हसतखेळत झाले, तरच भार वाढवायचा, तोही एक-दोन किलोनेच. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून धरायचा नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. महिन्यातला एक आठवडा मुद्दाम हलका ठेवा.

दुखणं दोन प्रकारचं असतं, ते ओळखायला शिका. दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटणं, अंग आंबणं, हे काम झाल्याचं लक्षण. दोन-तीन दिवसांत जातं. पण सांध्यात एका जागी टोचणारी कळ येत असेल, तर ती नको म्हणते आहे. तिचं ऐका. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, हाडांचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. 'दादांनी सांगितलं' म्हणून कोणी गोळ्या बंद करू नका!

*ताईंचा प्रश्न*

मघाशी बेळगावच्या एका ताईंनी विचारलं, "दादा, मी पहाटे पाचपासून राबते. झाडलोट, धुणं, पोळ्या. मला वेगळा व्यायाम कशाला?"

ताई, तुमच्या राबण्याला माझा नमस्कार. पण राबण्याने माणूस थकतो, तेवढ्याने बळकट होत नाही. वीस वर्षं तुम्ही तीच कणीक मळता, तीच बादली उचलता. अंगाला ते ओळखीचं झालं. बळ यायला थोडा थोडा नवा भार लागतो आणि त्यानंतर विश्रांती लागते. ती विश्रांती तुम्हाला घरात कोण देतं? म्हणून हा प्रश्न मी ताईंना परत करत नाही, इथे बसलेल्या पुरुषमंडळींना करतो. सोमवारी आणि गुरुवारी अर्धा तास गॅसपाशी कोण उभं राहणार? तुमच्या घरातल्या माउलीची हाडं पन्नाशीनंतर तुमच्याहून लवकर ठिसूळ होतात. तिचा अर्धा तास तिला मिळवून देणं ही तुमची गुरुसेवा समजा.

आणि ताटाकडेही बघा. शरीर ज्यापासून स्नायू बांधतं, ती प्रथिनं. आपल्या देशातल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीत दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम सांगितली आहेत. ६० किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम झाली. वाटीभर वरणात पाच-सात ग्रॅम, पेलाभर दुधात सहाच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. हिशोब करा, आपलं किती होतं ते बघा. आमच्या घरी बायका आधी सगळ्यांना वाढतात आणि शेवटी वरण संपलेलं असतं. आता आधी तिच्या ताटात वाढा. एकादशीला साबुदाणा खाता ना? त्यात नुसती ताकद पुरवणारी पिठूळ वस्तू आहे, बांधकामाचा माल नाही. तिथे शेंगदाणे, दही, दूध वाढवा, उपास मोडत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

*शेवटचं*

वडील त्या रात्रीनंतर नऊ वर्षं होते. मी ४८व्या वर्षी खुर्चीवरून उठबस करून सुरुवात केली. खरं सांगतो, पहिल्या दिवशी आकडा सात आला. पाचशे बैठका मारणाऱ्याचा आकडा सात! मी तो वहीत लिहिला. लिहिताना हात अडखळला, पण लिहिल्यावर हलकं वाटलं. त्या दिवशी मला जांबुवंत कळला.

वडील मधे आणखी दोनदा पडले. तोवर मी शिकलो होतो की पडलेल्या माणसाला एकदम ओढून उठवायचं नाही. आधी विचारायचं, कुठे दुखतंय का, मार लागलाय का. कंबर, मान, पाय यांत जोराचं दुखत असेल तर हलवायचं नाही, मदत बोलवायची. ठीक असतील तर कुशीवर वळवायचं, मग गुडघ्यांवर आणायचं, समोर खुर्ची ठेवायची. खुर्चीवर हात टेकून ते स्वतः उठतात, आपण फक्त मागून आधार द्यायचा. आणि तो आधार थरथरता नसावा, एवढ्यासाठी सोमवार-गुरुवार.

शेवटच्या वर्षी त्यांचं अंग फार थकलं होतं. रोज सकाळी पलंगावरून खुर्चीवर मीच घ्यायचो. माझ्या खांद्यावर त्यांची हनुवटी टेकलेली असायची, कानाशी श्वास लागायचा. ती वीस-तीस सेकंदं माझ्या दिवसातलं सगळ्यात मोठं पूजन होतं. जपाला बसल्यावर मन पळतं हो, तिथे कधी पळालं नाही.

इंदूरच्या भाऊंना माझा निरोप द्या. नामस्मरण चालू ठेवा. खांदा डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले की भिंतीचे जोर सुरू करा. पाच जमले तर पाच. आकडा वहीत लिहा, आणि दोनशेच्या शेजारी लिहू नका, नव्या पानावर लिहा. मुलाने हट्टाने जिममध्ये नाव घातलं म्हणता ना? तो तुमचा जांबुवंत आहे. त्याला सांगा, बाबांना शिकव, पण बाबांच्या आजच्या मापाने.

देह नश्वर आहे, खरं आहे. समईही एक दिवस मोडीत जाते. म्हणून कोणी ती घासायची सोडतं का?

जय गुरुदेव.

🌼

*या आठवड्याचा संकल्प*

• येत्या सोमवारी घरातील प्रत्येकाने, ज्यांना डॉक्टरांची मनाई नाही त्यांनी, खुर्चीवरून उठबस करून पाहावी. दोन-तीन शिल्लक ठेवून थांबावे.

• जो आकडा येईल तो वहीत लिहावा. गटावर टाकू नये, इथे स्पर्धा नाही. ज्यांनी नेम सुरू केला त्यांनी फक्त 🙏 पाठवावा.

• दोन्ही दिवशी घरातील माउलीचा अर्धा तास कोण सांभाळणार, हे रविवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी ठरवावे.

पुढील गुरुवारी ग्वाल्हेर केंद्रातून आलेल्या 'झोप आणि जप' या प्रश्नावरील निरूपण देऊ.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥